घामाचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

तालमीत व्यायामाला व्यायाम म्हणत नाहीत, मेहनत म्हणतात. जोर किती मारायचे, बैठका किती काढायच्या, आखाड्यात किती वेळ झुंजायचे, याचा आकडा वस्तादाच्या डोक्यात असतो. पण पठ्ठा पहाटे आत येतो तेव्हा वस्ताद आधी त्याचे डोळे बघतो, चाल बघतो, रात्री झोप लागली का ते विचारतो. आणि कधी कधी ठरलेला आकडा बाजूला ठेवून म्हणतो, ''आज मेहनत बंद. अंग चोळून घे आणि पड.'' या नजरेत दोन गोष्टी एकत्र असतात. केलेल्या कष्टाचा हिशेब आणि कष्ट करणाऱ्या माणसाची विचारपूस.

कोल्हापुरात फुटबॉलचे कितीतरी संघ तालमींच्या नावानेच मैदानात उतरतात, त्यामुळे तालीम आणि फुटबॉल हे नाते आपल्याला नवे नाही. आज मात्र मला बोलायचे आहे ते दूरच्या, व्यावसायिक फुटबॉलविषयी. तिथे गेल्या पन्नास वर्षांत वस्तादाच्या नजरेची जागा आधी वहीने घेतली, मग संगणकाने आणि शेवटी खेळाडूच्या पाठीला बांधलेल्या यंत्राने. इंग्रजीत याला ट्रेनिंग लोड म्हणतात. आपण सरावाचा भार म्हणू. हा भार मोजायची गरज का पडली, तो कसा मोजला गेला आणि मोजून खेळाडूच्या पदरात काय पडले, याचा हा थोडक्यात इतिहास आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडमधल्या अनेक क्लबांत सराव म्हणजे मैदानाला फेऱ्या मारणे. चेंडू आठवडाभर खेळाडूंना फारसा दाखवायचाच नाही, म्हणजे शनिवारी सामन्यात त्यांना चेंडूची भूक लागेल, अशी एक समजूत होती. कोण किती पळाला याची नोंद नव्हती. सगळ्यांना एकच माप, मग तो अठरा वर्षांचा असो की तेहतीस वर्षांचा.

विज्ञान मात्र वेगळ्या वाटेने चालले होते. १९३६ साली हान्स सेली या शास्त्रज्ञाने शरीरावर ताण आला की काय होते याचे टप्पे मांडले. आधी धक्का, मग शरीराने त्या ताणाशी जुळवून घेणे, आणि ताण थांबलाच नाही तर शेवटी कोसळणे. क्रीडाशास्त्रज्ञांनी ही कल्पना उचलली. सोव्हिएत संघात लेव्ह मात्वेयेव यांनी १९६०च्या दशकात वर्षभराच्या सरावाची आखणी कशी करावी याचे शास्त्रच तयार केले. त्याचे सार शेतकऱ्याला लगेच कळेल असे आहे. जमीन पिकवायची असेल तर नांगरावी लागते, पण सतत नांगरत राहिले तर पीक येत नाही. सरावाने स्नायू आधी दुबळा होतो. तो बळकट होतो विश्रांतीत. म्हणून कष्ट किती आणि विसावा किती, हे प्रमाण कळायला हवे. आणि प्रमाण कळायला मोजमाप हवे.

फुटबॉलमध्ये हे मोजमाप खऱ्या अर्थाने आणले ते युक्रेनमधल्या कीव शहराने. युक्रेन तेव्हा सोव्हिएत संघात होता. व्हालेरी लोबानोव्स्की हे तिथले एक गाजलेले डावे आघाडीपटू. त्यांची कॉर्नर किक हवेत वळत थेट गोलकडे जायची. पण त्यांचे शिक्षण झाले होते तंत्रशास्त्राचे, आणि स्वभावही अभियंत्याचाच. प्रशिक्षक म्हणून ते द्नीप्रोपेत्रोव्स्कला गेले तेव्हा त्यांची गाठ तिथल्या शारीरिक शिक्षण संस्थेतल्या अनातोली झेलेन्त्सोव्ह यांच्याशी पडली. दोघांचे सूत जुळले. फुटबॉलचा सामना म्हणजे अकरा-अकरा घटकांच्या दोन यंत्रणांची टक्कर, आणि यंत्रणेतले सगळे काही मोजता येते, ही त्यांची धारणा. १९७३च्या अखेरीस लोबानोव्स्की डायनामो कीवमध्ये आले, तेव्हा झेलेन्त्सोव्ह यांचे शास्त्रही सोबत आले. सहप्रशिक्षक होते त्यांचे जुने सहकारी ओलेग बाझिलेविच.

कोणत्या दिवशी कोणता सराव, किती तीव्रतेचा आणि किती मिनिटे, हे आधी गणिताने ठरायचे. सामन्यात कुणी किती हालचाली केल्या, किती चुकल्या, याचे तक्ते तयार व्हायचे. संघाच्या चुका शंभरात पंधरा-अठराच्या आत राहिल्या तर त्याला कोणी हरवू शकत नाही, असा झेलेन्त्सोव्ह यांचा हिशेब होता. त्याचे फळही लगेच मिळाले. मे १९७५मध्ये डायनामो कीवने बाझेल इथे हंगेरीच्या फेरेन्त्सव्हारोशला ३-० असे हरवून कप विनर्स कप जिंकला. युरोपातली मोठी स्पर्धा जिंकणारा हा पहिला सोव्हिएत संघ. त्याच वर्षी सुपर कपसाठी त्यांनी बायर्न म्युनिकला दोन्ही सामन्यांत हरवले. त्या दोन सामन्यांतले तिन्ही गोल ओलेग ब्लोखिनचे होते आणि त्या वर्षीचा युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला.

इथे गोष्ट संपली असती तर ती विज्ञानाच्या विजयाची गोष्ट झाली असती. पण पुढचे वर्ष १९७६ होते.

डायनामोचे यश पाहून सोव्हिएत सत्ताधाऱ्यांनी जवळजवळ हाच संघ देशाचा संघ म्हणून उभा केला आणि प्रशिक्षकही हेच नेमले. म्हणजे त्याच खेळाडूंनी क्लबसाठी युरोपियन कप खेळायचा, देशासाठी युरोपियन अजिंक्यपदाचे सामने खेळायचे आणि उन्हाळ्यात माँट्रियलला जाऊन ऑलिम्पिकही जिंकायचे. त्यासाठी देशातल्या साखळी स्पर्धेचे त्या वर्षी वसंत आणि शरद असे दोन तुकडे करण्यात आले, आणि वसंतातल्या स्पर्धेत डायनामोने आपला दुय्यम संघ उतरवला. मुख्य खेळाडू मात्र गणिताने ठरवलेल्या कठोर सरावात गुंतले होते. कागदावर सगळे बरोबर होते.

मार्चमध्ये फ्रान्सच्या सेंट एतिएनने कीवला बाहेर काढले. पहिला सामना कीवने २-० असा जिंकला होता. दुसऱ्यात जादा वेळेत ३-० अशी हार झाली. नंतर युरोपियन स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत चेकोस्लोव्हाकियाने देशाच्या संघाला हरवले. जुलैमध्ये ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात पूर्व जर्मनीकडून २-१ अशी हार झाली. ब्राझीलला हरवून कांस्यपदक मिळाले, पण सुवर्णाची अपेक्षा करणाऱ्यांच्या लेखी कांस्य म्हणजे नामुष्कीच होती.

आणि मग खेळाडूंनी बंड केले. हा शब्द मी जपून वापरतो आहे. सोव्हिएत संघात व्यावसायिक खेळाडू असा प्रकार कागदोपत्री नव्हताच. डायनामो ही पोलीस आणि गृहखात्याशी जोडलेली संघटना. तिथले खेळाडू खेळायचे पोटासाठीच, पण नाव त्या खात्याच्या पटावर. अशा ठिकाणी 'आम्हाला हा सराव झेपत नाही' असे म्हणणे साधी गोष्ट नव्हती. तरी ते म्हटले गेले. बाझिलेविच यांना जावे लागले, लोबानोव्स्की राहिले.

या पराभवात गणित चुकले नव्हते, असे मला वाटते. त्या गणितात एक रकाना कमी होता. स्नायू किती काम करू शकतात हे मोजले गेले. मन किती विटले आहे, घरापासून दूर छावणीत किती दिवस गेले आहेत, हरल्यावर पुढच्या सकाळी उठून पळायला पाय कसे तयार होतात, याला रकाना नव्हता. आणि ज्यांच्या अंगावर भार होता त्यांना कोणी विचारले नव्हते.

लोबानोव्स्की यातून शिकले. हंगाम म्हणजे चढउतार, प्रत्येक सामना जीव तोडून खेळायचा नाही, असा त्यांचा पुढचा विचार. घरच्या मैदानावर विजयासाठी खेळायचे आणि परगावी ताकद राखत बरोबरी साधायची. लोकांना हा खेळ आवडला नाही. सोव्हिएत साखळीत एकूणच बरोबरीचे सामने इतके वाढले की १९७८पासून ठरावीक संख्येपलीकडच्या बरोबरीला गुणच द्यायचे नाहीत, असा नियम करावा लागला. पण भार वाटून घेण्याची ही पहिली पद्धतशीर युक्ती होती. १९८६ साली त्यांच्या नव्या संघाने ॲटलेटिको माद्रिदला ३-० असे हरवून पुन्हा कप विनर्स कप जिंकला. हा अंतिम सामना २ मे रोजी झाला. चेर्नोबिलची दुर्घटना घडून तेव्हा आठवडाही उलटला नव्हता. २००२ साली एका सामन्यात संघाच्या बाकावरच लोबानोव्स्की यांना झटका आला आणि काही दिवसांनी ते गेले.

ज्या १९७६मध्ये कीवचे खेळाडू बंड करत होते, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लिव्हरपूल इथे टॉम रायली आणि व्हॉन थॉमस या संशोधकांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एव्हर्टन क्लबच्या खेळाडूंपैकी एकेकाला हेरून सामनाभर त्याच्यावर नजर ठेवायची, तो चालला, धावला, जोरात पळाला की टेपरेकॉर्डरवर बोलून नोंद करायची, अशी त्यांची पद्धत. मैदानावरच्या खुणांवरून अंतराचा अंदाज घ्यायचा. यातून कळले की खेळाडू एका सामन्यात सरासरी सुमारे ८.७ किलोमीटर अंतर कापतो. आणि आश्चर्य म्हणजे त्यातले अगदी थोडे, शंभरात दोनच्या आसपास, चेंडू पायाशी असताना. बाकी सगळी धावपळ चेंडूशिवाय. प्रेक्षक चेंडूकडे बघत असतो आणि खेळाडूचा खरा घाम आपण बघत नसतो तिथे गळत असतो. कष्टाच्या दुनियेत हे नवे नाही, पण फुटबॉलमध्ये ते प्रथम आकड्यांनी सिद्ध झाले. आजच्या खेळात हेच अंतर दहा-बारा किलोमीटरवर गेले आहे.

त्याच सुमारास कॅनडात एरिक बॅनिस्टर यांनी एक साधे सूत्र मांडले. प्रत्येक सरावाने दोन गोष्टी जमा होतात, तंदुरुस्ती आणि थकवा. थकवा मोठा असतो पण लवकर ओसरतो. तंदुरुस्ती सावकाश साठते आणि सावकाश उतरते. पहिल्यातून दुसरा वजा केला की त्या दिवशीची कामगिरी. सामन्याआधी सराव हलका का करायचा, याचे उत्तर या वजाबाकीत आहे. पुढे १९८०च्या दशकात छातीला पट्टा बांधून मनगटावर हृदयाचे ठोके दाखवणारी यंत्रे फिनलंडमधून आली आणि हे गणित मैदानात नेता येऊ लागले.

आता या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांना असा प्रश्न पडला होता की, कष्ट किती जड गेले हे खुद्द कष्ट करणाऱ्यालाच विचारले तर? त्यांनी ६ ते २० अशी एक पट्टी तयार केली. ६ म्हणजे काहीच त्रास नाही, २० म्हणजे आता प्राण जातो. माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणले की साधारण त्याच्या हृदयाच्या ठोक्यांचा अंदाज येतो, अशा बेताने ही पट्टी आखलेली होती. पुढे त्यांनी दहापर्यंतची पट्टीही केली. अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांनी ती घेऊन आणखी सोपे केले. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला एकच प्रश्न विचारायचा, 'आज किती जड गेले?' त्याने दिलेल्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणायचे. नव्वद मिनिटांचा सराव आणि उत्तर सात, तर त्या दिवसाचा भार ६३०. अर्धा तास थांबायचे अशासाठी, की शेवटच्या पाच मिनिटांच्या दमछाकीवरून सगळ्या दिवसाचा निवाडा होऊ नये.

हे इतके सोपे की त्यावर विश्वास बसू नये. २००४ साली इटलीचे फ्रँको इम्पेलिझेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण फुटबॉलपटूंवर ही पद्धत तपासली. खेळाडूंच्या तोंडचे आकडे आणि हृदयाच्या ठोक्यांवरून काढलेले आकडे बऱ्यापैकी जुळले. म्हणजे ना पट्टा लागला, ना घड्याळ. वस्तादाची ती पहाटेची विचारपूस एका आकड्याच्या रूपाने परत आली.

पण बाजार अशा फुकटच्या गोष्टींवर थांबत नाही. २००२ साली इटलीच्या एसी मिलान क्लबने खेळाडूंच्या दुखापती आधीच ओळखण्यासाठी स्वतःची प्रयोगशाळा काढली. २००६ साली ऑस्ट्रेलियात कॅटापुल्ट ही कंपनी निघाली. तिचे यंत्र खेळाडूच्या बनियनमध्ये दोन खांद्यांच्या मधोमध बसते आणि उपग्रहाच्या साहाय्याने त्याची जागा, वेग, थांबणे, वळणे सारे टिपते. २०१५पासून अधिकृत सामन्यांतही अशी यंत्रे घालायला नियमाने परवानगी मिळाली. गोल केल्यावर एखादा खेळाडू शर्ट काढतो तेव्हा आत काळी चोळीसारखी बंडी दिसते ना, ती हीच.

आकड्यांचा पूर आला तसा त्यातून भविष्य सांगण्याचा मोहही आला. याची सुरुवात आपल्या ओळखीच्या खेळातून, क्रिकेटमधून झाली. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या वेगवान गोलंदाजांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. या आठवड्यात टाकलेले चेंडू आणि गेल्या चार आठवड्यांची सरासरी यांचे गुणोत्तर काढले, आणि ते एकदम वाढले की पुढे दुखापतीचा धोका वाढतो असे दिसले. या अभ्यासातले एक संशोधक टिम गॅबेट यांनी पुढे हा विचार इतर खेळांपर्यंत पोहोचवला. गुणोत्तर ०.८ ते १.३च्या दरम्यान असेल तर खेळाडू सुरक्षित, १.५च्या वर गेला की धोका, असा ठोकताळा क्लबांच्या भिंतींवर लागला. एकदम मेहनत वाढवू नये, हे त्यातले शहाणपण खरेच आहे. पण या गुणोत्तराच्या गणितातच दोष आहेत, आणि त्यावरून दुखापतीचे कारण सांगता येत नाही, असा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला. त्यांत इम्पेलिझेरीही होते. २०२१ साली नॉर्वेतल्या ४८२ तरुण फुटबॉलपटूंवरच्या प्रयोगाचा निकाल आला. काही संघांचा सराव या गुणोत्तराप्रमाणे आखला, काहींचा नेहमीसारखा. दुखणीखुपणी दोन्हींकडे सारखीच निघाली.

याहून बोलकी एक नोंद आहे. स्वीडनचे डॉक्टर यान एकस्ट्रांड २००१पासून युरोपातल्या मोठ्या क्लबांमधल्या दुखापतींची मोजदाद करत आले आहेत. २००१-०२च्या हंगामात एकूण दुखापतींपैकी १२ टक्के मांडीच्या मागच्या स्नायूच्या, म्हणजे हॅमस्ट्रिंगच्या होत्या. २०२१-२२पर्यंत त्यांचा वाटा २४ टक्क्यांवर गेला. याच वीस वर्षांत यंत्रे आली, विश्लेषक आले, संगणक आले. मोजमाप वाढत गेले आणि हा स्नायू अधिकाधिक फाटत गेला.

असे का व्हावे? खेळाचा वेग वाढला हे एक कारण. दुसरे कारण मैदानात सापडणार नाही. ते वेळापत्रकात आहे. क्लबचा तज्ज्ञ मंगळवारचा सराव हलका करू शकतो, बुधवारचा सामना रद्द करू शकत नाही. सामने ठरवणारे आणि भार मोजणारे हे वेगवेगळ्या इमारतींत बसतात. बार्सिलोनाचा पेद्री २०२०-२१मध्ये अठरा वर्षांचा होता. क्लब, युरोपियन अजिंक्यपद आणि टोकियो ऑलिम्पिक मिळून तो त्या हंगामात ७३ सामने खेळला. त्याच्या पाठीला बांधलेले यंत्र सारे काही टिपत असणार. पुढचा हंगाम त्याचा मांडीच्या दुखण्यात गेला.

सप्टेंबर २०२४मध्ये मँचेस्टर सिटीच्या रोद्रीला पत्रकारांनी वाढत्या सामन्यांबद्दल विचारले. खेळाडू संपाच्या जवळ येऊन ठेपले आहेत, असे तो म्हणाला. त्यानंतर आठवडाही गेला नाही आणि आर्सेनलविरुद्धच्या सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. त्या एका दुखापतीचे कारण वेळापत्रकच, असे शपथेवर कोणी सांगू शकणार नाही. पण पुढच्याच महिन्यात खेळाडूंच्या संघटनेने आणि युरोपातल्या साखळी स्पर्धांनी फिफाच्या वेळापत्रकाविरुद्ध युरोपियन आयोगाकडे तक्रार नेली. १९७६ साली कीवमध्ये जे बंद दाराआड म्हटले गेले, ते अठ्ठेचाळीस वर्षांनी उघडपणे म्हटले गेले. मधल्या काळात खेळाडूंचे पगार आभाळाला टेकले. पण स्नायूला पगार कळत नाही.

हे फक्त फुटबॉलचे आहे असेही नाही. कापडगिरणीत, कॉल सेंटरमध्ये, गोदामात माणसाचे काम मोजले जाते, आणि मोजणारा बहुधा अधिक काम काढण्यासाठी मोजतो. फुटबॉलमध्ये निदान हा प्रश्न उघड विचारला गेला, की हे आकडे कोणाचे? २०२२ साली फिफा आणि खेळाडूंची संघटना यांनी मिळून एक सनद काढली. स्वतःच्या शरीराची माहिती पाहण्याचा आणि ती कशासाठी वापरली जाते हे जाणण्याचा खेळाडूला हक्क आहे, असा तिचा गाभा आहे.

या साऱ्या यंत्रांच्या गर्दीत फॉस्टर यांचा तो एका ओळीचा प्रश्न अजून टिकून आहे. जगभरच्या क्लबांत सरावानंतर खेळाडू मोबाइलवर एक आकडा दाबतो. मात्र त्या प्रश्नाची एक अडचण कोणत्याही उपग्रहाने सुटत नाही. संघात नुकता आलेला मुलगा, ज्याच्या जागेवर आणखी दोघांचा डोळा आहे, तो सात जड गेले असताना चार दाबतो. थकलो म्हटले तर शनिवारी बाकावर बसावे लागेल, ही भीती त्याच्या बोटात असते. त्याने सात दाबावे असे वाटत असेल, तर सात दाबल्यावर त्याची जागा जाणार नाही, ही हमी कोणीतरी द्यायला हवी. ती देणे माणसाचे काम आहे.